ब्रॉयलरची वाढ आणि मांसाचा उतारा : आनुवंशिक फरक नेमके काय करतात

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी २००३ साली एका तुलनेचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. वजनासाठी किंवा अन्य कोणत्याही गुणासाठी निवड न करता १९५०च्या दशकापासून जसाच्या तसा जतन केलेला मांसल कोंबड्यांचा एक कळप त्यांच्या हाताशी होता. त्या कळपाची पिल्ले आणि २००१ साली बाजारात असलेल्या रॉस ३०८ या ब्रॉयलर वाणाची पिल्ले त्यांनी एकाच वेळी वाढवली. दोन्ही प्रकारच्या पिल्लांपैकी काहींना १९५७ सालच्या पद्धतीचे खाद्य दिले, तर काहींना २००१ सालच्या पद्धतीचे. ४२व्या दिवशी जुन्या खाद्यावरील जुन्या वाणाचे सरासरी वजन ५३९ ग्रॅम भरले आणि नव्या खाद्यावर ते ५७८ ग्रॅमपर्यंतच पोहोचले. नव्या वाणाने मात्र जुन्या खाद्यावरही २,१२६ ग्रॅम आणि नव्या खाद्यावर २,६७२ ग्रॅम वजन गाठले. जवळपास अर्ध्या शतकात वाढीच्या वेगात जो बदल झाला, त्यातील ८५ ते ९० टक्के वाटा आनुवंशिक निवडीचा आणि उरलेला खाद्यातील सुधारणेचा, असा हिशेब संशोधकांनी या आकड्यांवरून मांडला. ब्रॉयलर इतक्या लवकर वाढतात याचे श्रेय किंवा दोष संप्रेरकांच्या इंजेक्शनांना देण्याची सवय अनेकांना आहे. त्यांनी हे चार आकडे शांतपणे पाहावेत.

आता प्रश्न असा, की हा एवढा मोठा फरक कोंबडीच्या शरीरात नेमका कुठे साठवलेला असतो, आणि तो एखाद्या जनुकावर बोट ठेवून दाखवता येतो का? थोडक्यात उत्तर द्यायचे, तर वजनाचे असे एखादे जनुक नसते. असतात ते शेकडो ठिकाणी विखुरलेले अगदी लहान फरक. त्यांच्यापैकी बहुतेकांचा परिणाम एकेकटा मोजायला गेले तर हातीही लागत नाही, पण त्यांची बेरीज मात्र किलोंमध्ये मोजता येते. शिवाय ही बेरीज केवळ वजनाच्या रकान्यात होत नाही. त्याच फरकांचे परिणाम चरबी, पाय, हृदय आणि अंडी यांवरही उमटतात. ब्रॉयलर पैदाशीचा सारा खटाटोप या दोन गोष्टींभोवती फिरतो.

कोंबडीच्या पेशीत गुणसूत्रांच्या ३९ जोड्या असतात. त्यातील काही गुणसूत्रे मोठी असतात आणि बरीचशी इतकी चिमुकली, की सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची नीट ओळखही पटत नाही. मात्र या चिमुकल्या गुणसूत्रांवर जनुकांची दाटी अधिक असते. लिंग ठरवणारी जोडी माणसाच्या उलट आहे. नरात झेड गुणसूत्राच्या दोन प्रती असतात, तर मादीत एक झेड आणि एक डब्ल्यू असते. कोंबडीच्या संपूर्ण डीएनएचा आराखडा २००४ साली प्रसिद्ध झाला. तो सर्व पाळीव कोंबड्यांचा पूर्वज मानल्या जाणाऱ्या लाल रानकोंबडीच्या एका मादीवरून तयार केला होता आणि त्याची लांबी सुमारे १०० कोटी अक्षरांची, म्हणजे माणसाच्या आराखड्याच्या साधारण एक तृतीयांश भरली. त्याच वेळी एक ब्रॉयलर, एक लेयर, म्हणजे अंड्यांसाठी पाळली जाणारी कोंबडी, आणि चीनमधील सिल्की जातीची एक कोंबडी यांचा डीएनए या आराखड्याशी ताडून पाहण्यात आला, तेव्हा एका अक्षराच्या फरकाच्या सुमारे २८ लाख जागा सापडल्या. दर हजार अक्षरांमागे सरासरी पाच जागी फरक, असे ते प्रमाण होते. विशेष म्हणजे रानकोंबडी आणि पाळीव कोंबडी यांची तुलना करा किंवा दोन पाळीव वाणांची, प्रमाण जवळपास तेच राहते.

या फरकांचे प्रकार अनेक आहेत. सर्वांत साधा म्हणजे एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर येणे, ज्याला संशोधक एसएनपी म्हणतात. काही ठिकाणी काही अक्षरे गळालेली किंवा घुसलेली असतात, तर काही ठिकाणी एखादा मोठा तुकडा दोनदा किंवा अनेकदा आलेला असतो. यांपैकी बहुसंख्य फरकांचा शरीरावर काहीही परिणाम होत नाही. ज्यांचा होतो, त्यांतले थोडेच प्रथिनाची रचना बदलतात. वाढीशी संबंधित बरेचसे फरक जनुकाच्या आत नसून आसपास, जनुक किती वेळ आणि किती जोरात चालू राहावे हे ठरवणाऱ्या भागात असतात. म्हणूनच ब्रॉयलर आणि लेयर यांच्याकडील जनुकांची यादी जवळजवळ एकच असली, तरी एकाचे पिल्लू सहा आठवड्यांत कत्तलीच्या वजनाचे होते आणि दुसऱ्याचे त्या वयात अजून लहानखुरेच असते.

आनुवंशिकतेचा आकडा आणि त्याचे गैरसमज

एकाच शेडमध्ये, एकाच खाद्यावर, एकाच दिवशी अंड्यातून बाहेर पडलेल्या पिल्लांची वजने केली, तरी ती सारखी भरत नाहीत. या चढउतारांपैकी काही भाग आईबापांकडून आलेल्या जनुकांमुळे असतो आणि काही भाग अन्य कारणांमुळे. कोणाला पाण्याच्या निपलजवळची जागा मिळाली, कोणाला पहिल्या आठवड्यात थंडी बाधली, कोण मोठ्या अंड्यातून निघाले. अंड्याच्या आकाराचा मुद्दा किरकोळ नाही, कारण पिल्लाचे जन्मवजन अंड्याच्या वजनाच्या साधारण दोन तृतीयांश असते आणि अंड्याचा आकार आईचे वय व शरीर यांवर ठरतो. एकूण चढउतारांपैकी जेवढा वाटा आईबापांकडून पिल्लांकडे खात्रीने उतरणाऱ्या जनुकीय परिणामांचा असतो, त्याला आनुवंशिकतेचे प्रमाण म्हणतात. ते शून्य ते एक या पट्टीवर मोजतात.

ब्रॉयलरच्या विशिष्ट वयाच्या वजनासाठी हे प्रमाण बहुतेक अभ्यासांत ०.३ ते ०.५ यांच्या दरम्यान येते. छातीच्या मांसाच्या उताऱ्यासाठी, म्हणजे वजनात त्या मांसाचा वाटा किती यासाठी, ते ०.५च्या आसपास असते, पोटातील चरबीसाठी अनेकदा त्याहूनही वर जाते, खाद्य रूपांतरासाठी, म्हणजे एक किलो वजनासाठी किती किलो खाद्य लागले या एफसीआरसाठी, ते मध्यम असते आणि पायांच्या दोषांसाठी किंवा अंडी उबवणुकीसारख्या प्रजननाच्या गुणांसाठी बरेच कमी. व्यवहारात याचा अर्थ असा, की छाती आणि चरबी हे गुण निवडीला पटकन प्रतिसाद देतात, तर पायांची मजबुती सुधारायला पिढ्यान्‌पिढ्या चिकाटी लागते.

हिशेब कसा चालतो, ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. कळपाचे सरासरी वजन २,२०० ग्रॅम आहे. त्यातून पुढच्या पिढीचे आईबाप म्हणून असे नर आणि माद्या निवडल्या, ज्यांची सरासरी २,५०० ग्रॅम आहे. म्हणजे निवडलेले पक्षी सरासरीपेक्षा ३०० ग्रॅमने सरस. वजनाच्या आनुवंशिकतेचे प्रमाण ०.३५ असेल, तर त्यांच्या पिल्लांची सरासरी ३०० गुणिले ०.३५, म्हणजे १०५ ग्रॅमने वाढण्याची अपेक्षा धरता येते. उरलेले १९५ ग्रॅम कुठे गेले? ते मुळात त्या पक्ष्यांना लाभलेल्या परिस्थितीचे आणि जनुकांच्या विशिष्ट जुळणीचे होते आणि ती जुळणी पुढच्या पिढीत मोडते. प्रत्येक पिढीत मिळणारी ही शंभरेक ग्रॅमची कमाई किरकोळ दिसते. पण ब्रॉयलरची पिढी वर्षाच्या आतच बदलते आणि पैदास करणाऱ्या कंपन्या हे काम १९४०च्या दशकाच्या अखेरीपासून अखंड करीत आल्या आहेत.

या आकड्याबाबत दोन गैरसमज फार पसरलेले आहेत. प्रमाण ०.३५ आहे म्हणजे कोंबडीच्या वजनातील ३५ टक्के ग्रॅम जनुकांनी दिले आणि ६५ टक्के खाद्याने, असा त्याचा अर्थ होत नाही. हा आकडा एका पक्ष्याच्या वजनाविषयी नव्हे, तर कळपातील पक्ष्यापक्ष्यांतील फरकांविषयी बोलतो. दुसरे असे, की तो गुणाचा कायमचा गुणधर्मही नाही. व्यवस्थापन जितके विस्कळीत, तितका परिस्थितीचा वाटा फुगतो आणि आनुवंशिकतेचे प्रमाण घटते. एका वाणात काढलेला आकडा दुसऱ्या वाणाला जसाच्या तसा चिकटवणे म्हणूनच धोक्याचे असते.

वाढ म्हणजे आधी भूक

शेकडो लहान फरकांची बेरीज म्हणजे काय, याचा सर्वांत बोलका पुरावा अमेरिकेतील व्हर्जिनियामधून येतो. तेथील व्हर्जिनिया टेक विद्यापीठात पॉल सीगल यांनी १९५७ साली व्हाइट प्लिमथ रॉक जातीच्या एकाच कळपापासून दोन फांद्या सुरू केल्या. एका फांदीत दर पिढीला ५६व्या दिवशी सर्वांत जड असलेले पक्षी निवडायचे, दुसरीत सर्वांत हलके. बाकी काहीही करायचे नाही. ४० पिढ्यांनंतर दोन फांद्यांतील ५६व्या दिवसाच्या वजनात आठपटींहून अधिक अंतर पडले. आरंभी एकाच कळपात दडलेल्या विविधतेच्या जोरावर हे झाले.

पुढे या दोन फांद्यांचा संकर करून, त्यांच्या नातवंडांचे डीएनए तपासून, वजनाशी निगडित जागा कुठे आहेत याचा शोध घेतला गेला. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात डझनभर जागा सापडल्या, पण प्रत्येकीचा वजनातील एकूण चढउतारांमधला वाटा साधारण १ ते ३ टक्के एवढाच निघाला. आठपट अंतराचे रहस्य एखाद्या बलाढ्य जनुकात असेल, अशी ज्यांची अपेक्षा होती त्यांच्यासाठी हा निकाल काहीसा निराशाजनक होता. पुढच्याच वर्षी त्याच नातवंडांच्या माहितीवरून असेही दिसले, की यांतील चार जागा परस्परांवर अवलंबून आहेत. सातव्या गुणसूत्रावरील एका जागेवर डीएनएचे अनुकूल रूप असेल, तरच बाकीच्यांचा पुरेपूर परिणाम दिसतो. म्हणजे बेरीजही सगळीकडे सरळ नसते.

पण या फांद्यांनी शिकवलेली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. हलक्या फांदीतील काही पिल्ले खाद्य समोर असूनही खात नसत, आणि जड फांदीतील पक्षी मोकळे सोडले तर गरजेपेक्षा खूप अधिक खात. वजनासाठी केलेली निवड ही मोठ्या प्रमाणात भुकेची निवड ठरली होती. पुढच्या संशोधनातही हा धागा पुन्हा पुन्हा दिसतो. चौथ्या गुणसूत्रावर वाढीशी जोडलेला एक भाग अनेक अभ्यासांत आढळला आहे. त्या भागातील सीसीकेएआर हे जनुक पोट भरल्याचा संदेश ग्रहण करणारे ग्राहक प्रथिन बनवते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार जलद वाढीशी निगडित रूप बाळगणाऱ्या पक्ष्यांत हे जनुक मंद चालते, त्यामुळे ‘पुरे’ हा संदेश क्षीण पोहोचतो आणि पक्षी खात राहतो. माझ्या मते ब्रॉयलरच्या आनुवंशिकतेवरील सामान्य लिखाणात हा मुद्दा अकारण मागे पडतो. स्नायूंच्या जनुकांची चर्चा खूप होते, पण स्नायू बांधायला लागणारा माल आत येण्याचे दारच निवडीने रुंद केले आहे.

वाढीच्या संप्रेरकांची साखळी अर्थातच या चित्रात आहे. मेंदूच्या तळाशी असलेली ग्रंथी वाढ संप्रेरक सोडते, त्याचा संदेश यकृतातील ग्राहक घेतात आणि यकृतात आयजीएफ-१ हे प्रथिन बनते, जे स्नायू आणि हाडांच्या पेशींना वाढायला प्रवृत्त करते. या साखळीतील प्रत्येक कडीच्या जनुकात फरक सापडले आहेत. २७व्या गुणसूत्रावरील आयजीएफ२बीपी१ या जनुकाच्या सुरुवातीजवळचा एक तुकडा गळालेला असणे शरीराच्या आकाराशी जोडलेले असल्याचे २०२१ साली दाखवले गेले. पहिल्या गुणसूत्राच्या शेवटाकडील एक पट्टाही निरनिराळ्या वाणांत वारंवार पुढे येतो. अशा अनेक जागांचा शोध अजून चालू आहे.

वजन वाढले, पण कशाचे?

मांस विकणाऱ्याच्या दृष्टीने जिवंत वजनाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक महत्त्व सोललेल्या कोंबडीतील वाट्यांना असते. पिसे, रक्त, डोके, पाय आणि आतडी काढल्यावर जिवंत वजनाच्या साधारण ७० ते ७५ टक्के वजन हाती उरते. त्यातील छाती किती, मांडी व तंगडी किती आणि टाकून द्यावी लागणारी चरबी किती, यावर सारा हिशेब ठरतो. आरंभी उल्लेखलेल्या तुलनेत सुमारे सहा आठवड्यांच्या वयाला छातीच्या मांसाचे जिवंत वजनाशी प्रमाण जुन्या वाणात ११-१२ टक्के होते, ते नव्या वाणात २० टक्क्यांच्या घरात गेले. म्हणजे केवळ कोंबडी मोठी झाली नाही, तिचा आकारच बदलला.

छातीच्या स्नायूतील तंतूंची संख्या पिल्लू अंड्यातून बाहेर येईपर्यंत जवळजवळ ठरून गेलेली असते. नंतरची वाढ मुख्यतः हे तंतू जाड आणि लांब होण्याने होते, आणि त्यासाठी तंतूंना चिकटून असलेल्या उपग्रह पेशी आपली केंद्रके त्यांना पुरवत राहतात. त्यामुळे छातीच्या आकारावर परिणाम करणारे जनुकीय फरक दोन टप्प्यांवर काम करतात. अंड्याच्या आत किती तंतू घडतील यावर काही, आणि बाहेर आल्यावर प्रत्येक तंतू किती फुगेल यावर काही. गायी-बैलांच्या काही जातींत मायोस्टॅटिन हे स्नायूंना आवर घालणारे जनुक निकामी झाल्यामुळे दुहेरी स्नायू दिसतात. ब्रॉयलरची भरदार छाती मात्र अशा एखाद्या बिघाडातून आलेली नाही. तीही पुन्हा अनेक लहान फरकांची साचत गेलेली बेरीज आहे.

चरबीची गोष्ट अधिक रंजक आहे, कारण तिथे वजन आणि वाटणी हे दोन प्रश्न वेगळे काढता येतात हे स्पष्ट दिसते. फ्रान्समध्ये १९७०च्या दशकात सुरू झालेल्या एका निवड प्रयोगात पोटातील चरबी अधिक असलेली आणि कमी असलेली अशा दोन फांद्या तयार केल्या गेल्या, पण दोन्हींचे जिवंत वजन मात्र समान राहील याची काळजी घेतली गेली. थोड्याच पिढ्यांत त्यांच्या पोटातील चरबीत जवळपास चौपट फरक पडला, तोही दोन्ही फांद्या सारखेच खात असताना. कोंबडीत चरबी बनण्याचे मुख्य ठिकाण यकृत आहे. तेथे बनलेली चरबी रक्तावाटे पोटात आणि कातडीखाली जाते. यकृत आलेल्या ऊर्जेचे काय करते, ती जाळू देते की चरबी करून पाठवते, यावर जनुकांचा असलेला ताबा या दोन फांद्यांत उघड झाला. कमी चरबीच्या फांदीला छातीचा उताराही जास्त मिळाला. नुसत्या वजनासाठी निवड केली, तर चरबी सोबत वाढते, कारण भूक वाढते. पण निवडीच्या सूत्रात चरबी, उतारा आणि एफसीआर यांनाही स्थान दिले, तर हा दुवा सैल करता येतो. अलीकडच्या दशकांत ब्रॉयलर अधिक जड होऊनही अधिक चरबीयुक्त का झाले नाहीत, याचे उत्तर यात आहे. माद्यांत मात्र त्याच वजनाच्या नरांपेक्षा चरबी अधिक असते, आणि तो फरक निवडीने पुसला गेलेला नाही.

मांसाच्या दर्जाच्या बाबतीत क्वचित एखादे ठळक जनुकही भेटते. ११व्या गुणसूत्रावरील बीसीएमओ१ हे जनुक खाद्यातील पिवळी रंगद्रव्ये फोडण्याचे काम करते. त्याच्या नियंत्रक भागातील फरकांमुळे ते मंद चालले, तर रंगद्रव्ये शिल्लक राहतात आणि छातीचे मांस अधिक पिवळसर दिसते. हा परिणाम इतका स्पष्ट आहे, की एका जनुकाच्या तपासणीवरून रंगाचा अंदाज बांधता येतो. वजनाबाबत असे भाग्य लाभत नाही.

मोठ्या परिणामाची मोजकी जनुके

एका जनुकाचा मोठा परिणाम दिसतो, तो बहुधा वाढ रोखण्याच्या दिशेने. झेड गुणसूत्रावरील वाढ संप्रेरकाच्या ग्राहकाचे जनुक बिघडले, की रक्तात संप्रेरक भरपूर असूनही यकृताला त्याचा संदेश मिळत नाही आणि कोंबडी बुटकी राहते. प्रौढ मादीचे वजन साधारण ३० टक्क्यांनी घटते. ब्रॉयलरच्या धंद्यात असे जनुक कशाला हवे, असे वाटणे साहजिक आहे, पण काही पैदासकारांनी ते मुद्दाम वापरले आहे. आई बुटकी असेल, तर तिला खाद्य कमी लागते आणि जागाही कमी पुरते. तिचे एकुलते झेड गुणसूत्र फक्त मुलग्यांकडे जाते, मुलींना झेड मिळते ते धिप्पाड बापाकडून. म्हणजे मुली पूर्णपणे साध्या वाढीच्या होतात, आणि मुलग्यांकडे बापाची एक चांगली प्रत असल्याने, तसेच बुटकेपणा अप्रभावी, म्हणजे एक चांगली प्रत असली की दबून राहणारा, असल्याने, तेही जवळजवळ पूर्ण वजन गाठतात. गुणसूत्रांच्या वाटणीचा इतका व्यवहारी उपयोग फार थोड्या ठिकाणी पाहायला मिळतो.

दुसरे उदाहरण उघड्या मानेच्या जनुकाचे. त्याची एक प्रत असली तर पिसारा सुमारे २० ते ३० टक्क्यांनी आणि दोन असल्या तर सुमारे ४० टक्क्यांनी कमी होतो. उष्ण हवेत हे पक्षी अंगातील उष्णता सहज बाहेर टाकतात, त्यामुळे खाणे मंदावत नाही आणि वाढ टिकते. शिवाय पिसांकडे जाणारी प्रथिने वाचतात. थंड हवेत तेच जनुक तोट्याचे ठरते, कारण शरीर गरम ठेवण्यात ऊर्जा खर्ची पडते. एकच जनुक कुठे वाढ देते आणि कुठे हिरावून घेते, हे पक्षी कोणत्या परिस्थितीत वाढतो त्यावर ठरते. तीव्रता कमी असली, तरी हीच बाब इतर असंख्य लहान फरकांनाही लागू पडते. थंड, नियंत्रित शेडमध्ये पहिला आलेला नर उष्ण, उघड्या शेडमध्ये पहिला येईलच असे नाही.

जोडून येणारे परिणाम

जनुक एकच काम करत नाही, आणि शेजारी असलेली जनुके बरेचदा एकत्रच पुढच्या पिढीत जातात. त्यामुळे एका गुणासाठी निवड केली, की काही अन्य गुण मागोमाग ओढले जातात. ब्रॉयलरमधील सर्वांत खर्चीक जोड वजन आणि प्रजनन यांच्यात आहे. जलद वाढीच्या वाणांच्या आईबापांना मोकळे खाऊ दिले, तर ते अतिवजनी होतात, माद्यांची अंडी घटतात, नरांची फलनक्षमता ढासळते. म्हणून जनकपक्ष्यांना आयुष्यभर मोजून खाद्य द्यावे लागते. ज्या भुकेसाठी त्यांची निवड झाली, तीच भूक त्यांच्या बाबतीत दाबून ठेवावी लागते. ही विसंगती पक्ष्यांच्या कल्याणाच्या चर्चेत वारंवार उपस्थित केली जाते आणि ती उपस्थित करणे रास्तच आहे.

या अडचणीवरचा रचनात्मक तोडगा म्हणजे संकर. बाजारात येणारा ब्रॉयलर शुद्ध वाणाचा नसतो. बापाच्या बाजूला कॉर्निश वंशाचे रुंद छातीचे वाण, आईच्या बाजूला व्हाइट प्लिमथ रॉक वंशाची अंडी बरी देणारी वाणे, अशी विभागणी असते आणि तीन किंवा चार वाणांच्या संकरातून अंतिम पिल्लू तयार होते. वजन आणि उतारा या गुणांत संकराचा अतिरिक्त लाभ तसा माफक असतो, कारण तेथे जनुकांचे परिणाम बहुतांशी बेरजेचे असतात. अंडी, उबवणूक आणि तग धरण्याची क्षमता यांत तो अधिक दिसतो. शुद्ध वाणांच्या कळपात साधलेली सुधारणा पणजी-पणजोबा, आजी-आजोबा आणि आईबाप या पायऱ्यांनी उतरत बाजारातील पिल्लापर्यंत पोहोचायला चार-पाच वर्षे जातात. संकरातून आलेल्या ब्रॉयलरपासून पुढची पिढी काढण्यात अर्थ नसतो तो याचमुळे. तिच्यात ही जुळणी विस्कटते.

शरीराच्या आतही ताण पडतो. छाती जड झाल्याने गुरुत्वमध्य पुढे सरकतो आणि पायांवरचा भार बदलतो. ऊतींची प्राणवायूची मागणी हृदय आणि फुप्फुसांच्या क्षमतेपलीकडे गेली, की पोटात पाणी भरण्याचा विकार होतो. १९९०च्या दशकात तो मोठी डोकेदुखी होता, आणि रक्तातील प्राणवायूचे प्रमाण मोजून पक्षी निवडायला सुरुवात झाल्यावर पैदासीच्या कळपांत त्याला आवर बसला. गेल्या दशकाच्या आसपास छातीचे मांस लाकडासारखे कडक होणे आणि त्यावर पांढऱ्या रेषा उमटणे हे दोष पुढे आले. त्यांच्या आनुवंशिकतेचे अंदाज वाणागणिक वेगळे येतात. २०१५ सालच्या एका अभ्यासात कडक छातीसाठी प्रमाण ०.१हून कमी आणि पांढऱ्या रेषांसाठी ०.३च्या आसपास निघाले, तर अन्य कळपांत कडक छातीसाठी त्याहून बरेच मोठे आकडे मिळाले आहेत.

डीएनएवरून निवड

छातीचा उतारा, चरबी आणि मांसाचा दर्जा अचूक मोजायचा, तर पक्षी कापावा लागतो, आणि कापलेल्या पक्ष्याला पिल्ले होत नाहीत. त्यामुळे पूर्वी भावंडे कापून त्यांच्या आकड्यांवरून जिवंत पक्ष्याची किंमत ठरवावी लागे. नंतर अल्ट्रासाउंड आणि सीटी स्कॅन आले, आणि जिवंत पक्ष्याच्या छातीचा आकार मोजता येऊ लागला. खरा बदल २००१ साली म्यूविसेन, हेज आणि गोडार्ड यांनी मांडलेल्या कल्पनेने झाला. वजनाची जनुके एकेक करून शोधत बसण्याऐवजी संपूर्ण डीएनएवर दाट पसरलेल्या हजारो खुणा एकाच वेळी तपासाव्यात, प्रत्येक खुणेला तिच्या परिणामानुसार लहानसा गुणांक द्यावा आणि सर्वांची बेरीज करून पक्ष्याचे आनुवंशिक मूल्य काढावे. शेकडो लहान फरकांच्या गुणाला शोभणारी अशीच ही पद्धत आहे. कोंबडीसाठी सुमारे ६ लाख खुणा तपासणारी चिप २०१३ साली उपलब्ध झाली. एकाच आईबापांची दोन भावंडे, जी पूर्वी कागदावर सारखीच मानावी लागत, त्यांच्यातील फरक आता अंड्यातून बाहेर पडल्या दिवशीच ओळखता येतो.

इथे एक सावधगिरी हवी. खूण आणि कारण एकच नसतात. मैलाचा दगड गावाजवळ असतो, तो गाव नव्हे. आणि दुसऱ्या रस्त्यावर त्याच आकड्याचा दगड दुसऱ्याच गावापाशी असतो. एखाद्या जनुकातील एकच फरक घेऊन, शे-दोनशे पक्ष्यांत त्याचा वजनाशी संबंध दाखवणारे अभ्यास भरपूर प्रसिद्ध होतात. त्यातील अनेक निष्कर्ष दुसऱ्या कळपात टिकत नाहीत. कळप लहान असेल, तर योगायोगाने मोठा दिसलेला परिणामच नजरेत भरतो. कळपात दोन-तीन नरांचीच संतती असेल, तर एका नराची सारी जनुके त्या एका खुणेच्या नावावर जमा होतात. असा अभ्यास वाचताना पक्षी किती होते, ते किती कुटुंबांतले होते आणि निकाल स्वतंत्र कळपात पडताळला का, एवढे तरी पाहावे. ‘अमुक जनुकाची चाचणी करा आणि वजनदार पक्षी निवडा’ असा सल्ला देणारा या तीन प्रश्नांची उत्तरे देऊ शकत नसेल, तर ती चाचणी विकत घेण्याचे कारण नाही.

इतकी वर्षे निवड होऊनही विविधता संपली कशी नाही, हा प्रश्न उरतो. एक कारण म्हणजे जागा इतक्या अनेक आहेत, की त्यांपैकी फार थोड्याच ठिकाणी एकच रूप शिल्लक राहण्याची वेळ आली आहे. दर पिढीला जनुकांची नवी सरमिसळ होते आणि नवे फरकही उपजत राहतात. तरीही नुकसान झालेले आहे. २००८ साली जगभरातील कोंबड्यांचा डीएनए तपासून केलेल्या पाहणीत असे दिसले, की मूळ जातींत असलेल्या विविधतेपैकी ५० टक्के किंवा त्याहून अधिक भाग व्यापारी शुद्ध वाणांत आढळत नाही. हरवलेली रूपे प्रामुख्याने दुर्मीळ आहेत आणि वाढीच्या दृष्टीने आज त्यांची उणीव भासत नाही. रोगप्रतिकार किंवा उष्णता सोसण्याची क्षमता यांच्याशी निगडित रूपे त्यांत असतील, तर ती परत मिळवण्यासाठी बाहेरच्या जातींशी संकर करावा लागेल आणि त्यानंतर वाढ व उतारा मूळ पातळीवर आणायला पुन्हा अनेक पिढ्या खर्चाव्या लागतील.